फळ्यावरच्या चौदा रेघा

महाराज खरंच ऐकतात का, असा प्रश्न मला आयुष्यात एकदाच पडला. टाळेबंदीचा उन्हाळा होता, शेगावचं मंदिरसुद्धा बंद. बाहेरून येणाऱ्याला चौदा दिवस आमच्या गावच्या शाळेत ठेवत. पायी बिहारला निघालेल्या एका मजुराला वेशीवर अडवून शाळेत आणलं, तेव्हा सगळ्यात जास्त तोंड मीच सोडलं. "परमुलखातल्या माणसाले आपल्या शाळेत काऊन घेता? आपली लेकरं बसतात तिथं!" आणि संध्याकाळी त्याच तोंडाने आरती म्हटली.

नऊ दिवसांनी सुरतेहून आमचे हे आले. तिथे कारखान्यात चौकीदार होते. त्यांना शेजारच्या वर्गात ठेवलं. डबा द्यायला जाताना त्या मजुराची खिडकी लागायची. तो रोज सकाळी फळ्यावर खडूने एक रेघ ओढायचा. गावाकडे त्याची बायको पोटुशी होती, दिवस भरत आले होते.

चौदावी रेघ ओढून, गाठोडं घेऊन तो निघाला, त्याच सकाळी यांना श्वास घेता येईना. अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण ड्रायव्हर एकटाच. "कोनी तं हात लावा हो!" तो ओरडला. गाव लांब उभं होतं. आणि मी? खरं सांगते, माझेही पाय उचलेनात. तीस वर्षांचा संसार, पण मी भ्याले. डोळे मिटून एवढंच म्हणाले, "महाराज, यायले वाचवा. नाहीतर निदान एकटं सोडू नका."

डोळे उघडले तर त्या मजुराने गाठोडं खाली ठेवलं होतं. "मैं जाता हूँ, माई."

"अबे, तुले पुन्हा चौदा दिवस बसा लागीन!" ड्रायव्हर म्हणाला. मजुराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, यांना उचललं आणि सोबत आत बसला.

बुलढाणा यायच्या आधी, रस्त्यातच हे गेले. संध्याकाळी तो परतला आणि फाटकातून लांबूनच म्हणाला, "आखिर तक हाथ पकड़ा था, माई." मी तिथेच धाय मोकलून रडले. तो वर्गात गेला, फळा पुसला आणि एक रेघ ओढली.

त्या दिवसापासून त्याचा डबा मी केला. गुरुवारी महाराजांसाठी केलेलं पिठलं-भाकर आधी त्याला जायचं. आठव्या रेघेच्या दिवशी त्याला मुलगी झाली. त्याने खिडकीतून फोन माझ्याकडे धरला. ते बारीक रडणं ऐकून मला राहवलं नाही. म्हटलं, "आमच्यापायी अडकला रे बाप्पा तू. मी तं तुले गावातही येऊ देत नव्हते."

"मालूम है, माई," तो म्हणाला. "लेकिन काका अकेले कैसे जाते?"

यांचा जीव मागितला होता, तो महाराजांनी दिला नाही. त्याचं दुःख आजही आहे, लपवत नाही. पण दुसरं मागणं त्यांनी ऐकलं, आणि कोणाच्या हातून ऐकलं ते मला दाखवलं. आता मी त्यांच्यापुढे मागणं मांडत नाही. हात जोडते, आणि दारात कोणी अनोळखी आलं, तर आधी पाणी देते.