जेवताना कटकट होते का?

गेल्या मंगळवारी महाडला दातांच्या डॉक्टरांनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी भलतंच उत्तर देऊन बसलो. अजून आठवलं की कानशिलं गरम होतात.

तर झालं असं... महिनाभर डाव्या कानासमोर दुखत होतं. सकाळी उठलं की तोंड नीट उघडायचं नाही, जांभई अर्ध्यावर अडकायची. भाकरी आमटीत बुडवून बुडवून गिळत होतो.

तंबाखू सोडून मला सात वर्षं झाली, पण त्याआधी पंचवीस वर्षं खाल्लीय. त्यामुळे तोंड उघडेना म्हटल्यावर मनात काय आलं असेल ते सांगायला नको. मुलगी ठाण्याला असते, रोज संध्याकाळी फोन करते, पण तिला यातलं अवाक्षर बोललो नव्हतो. "बरं आहे ना?" "बरं आहे." संपला फोन.

गंमत बघा, पोलादपूरच्या स्टँडवर मी एकोणतीस वर्षं माईकवरून गाड्या पुकारल्या. माझा आवाज पार बाजारपेठेत ऐकू जायचा. आता सकाळी दूधवाल्याला "ठेव" म्हणतो, की मग संध्याकाळच्या फोनपर्यंत तोंड उघडायला कारणच नसतं.

बायको जाऊन दोन वर्षं झाली. घर इतकं शांत असतं की फ्रीज बंद पडला तरी लगेच कळतं...

डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी सगळं तोंड आतून पाहिलं. जीभ बाहेर काढायला लावली, गालाच्या आतून बोट फिरवलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का बघत होतो, पण मास्कच्या वर नुसते डोळे. काही पत्ता लागेना.

मग म्हणाल्या, तुमचीच तीन बोटं जोडून उभी तोंडात घालून दाखवा. दोन गेली, तिसरं अडलं.

मग त्यांनी माझ्या दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवली आणि हळूहळू तोंड उघडायला, मिटायला लावलं. दात आवळायला सांगून गाल दाबले, कानशिलं दाबली. डावा गाल दाबल्यावर मी खुर्चीतून उठलोच.

पण खरं सांगू? दुखलं त्याचं काही नाही. दोन वर्षांत न्हाव्याशिवाय कुणाचा हात माझ्या चेहऱ्याला लागला नव्हता... हे मला तिथे, त्या खुर्चीत कळलं. डोळे भरून आले, आणि दिवा डोळ्यांवर होता म्हणून बरं.

त्याच तंद्रीत असताना त्यांनी विचारलं, "काका, जेवताना कटकट होते का?"

मी म्हणालो, "आता कुठली... ही होती तेव्हा व्हायची."

त्यांची बोटं गालावर तशीच थांबली. मग हळूच म्हणाल्या, "काका, मी सांध्याच्या आवाजाचं विचारत होते. चावताना कट् कट् असा येतो ना, त्याचं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. हसून वेळ मारून न्यावी, तर जबडा त्यांच्या हातात!

पण त्या हसल्या नाहीत. हात बाजूला घेतला आणि विचारलं, "काय म्हणायच्या काकू?"

ही हिरकणीवाडीकडची. "अवो, सावकास जेवा. गाडी सुटत नाय तुमची." रोज. घास एवढा मोठा कशाला घेता, एकाच बाजूने काय चावता... आणि मी चिडायचो. ड्यूटीवरून आलेल्या माणसाला सुखाने दोन घास खाऊ देत नाही म्हणून ताट उचलून बाहेर पडवीत जाऊन बसायचो. हे सगळं मी त्या परक्या पोरीला सांगितलं. बाहेर पेशंट बसले होते, तरी तिने ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "घाबरू नका. तोंडात वाईट काही दिसत नाहीये." मी किती दिवसांनी पूर्ण श्वास घेतला काय माहीत. आरशात त्यांनी मला माझीच जीभ दाखवली... दोन्ही कडांना दातांच्या खुणा. मी म्हणे दिवसभर दात आवळून बसतो, त्याने चावायचे स्नायू दगडासारखे झालेत. ओठ मिटलेले चालतील, पण दात सुटे हवेत. मधूनमधून काहीतरी बोलत जा, म्हणाल्या, दात आपोआप सुटतात. दोन आठवड्यांनी परत दाखवायचंय.

परतीच्या गाडीत मी त्यांचा कागद वाचला. गरम फडक्याने शेकणे. लहान घास. दोन्ही बाजूंनी चावणे. सावकाश जेवणे. तीनदा वाचला. सगळं हिचंच होतं, फक्त गाडीचा उल्लेख नव्हता.

घरी आल्यावर फोनची वाट बघितली नाही, मुलीला मीच लावला. पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती आधी खूप ओरडली, मग नुसतीच हुंदके देत राहिली. मलाही थांबवेना.

नंतर मऊ भात घेऊन बसलो. टीव्ही लावला नाही. पहिल्याच घासाला डाव्या कानाशी बारीक आवाज आला... कट्. मग पुन्हा कट्. महिनाभर येत असणार, मीच कधी कान दिला नव्हता.

"हो गं बाई, सावकाश जेवतोय," मी मोठ्याने म्हणालो. तेवढं बोलायला दात सुटले.

डॉक्टरबाईंचे उपकार मानावेत तेवढे थोडे. त्या म्हणाल्यात, दुखणं जाईल, कटकट कदाचित राहील.

राहू दे.