ब्रूजच्या पाण्याचं दार

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे सिंगापूरला राहायला आले. बेडोकमधल्या आमच्या फ्लॅटपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर मोठा जलाशय आहे. पाटबंधारे खात्यात उभी हयात घालवलेला माणूस पाणी बघून तरी तोंड उघडेल, म्हणून मी त्यांना तिथे नेलं. ते बाकावर बसले आणि म्हणाले, "छान आहे. जाऊया?" पाणी कुठून येतं, सांडवा कुठे आहे, एक प्रश्न नाही! लग्नाच्या पंगतीतून उठून आचाऱ्याला चुलाणाचा धूर कसा काढलाय ते विचारणारे हे बाबा. आता जेवत होते, फिरत होते, पण काही विचारत नव्हते. हा माणूस आवरतं घेतोय, अशी मला भीती वाटायची.

नवऱ्याला ऑफिसच्या कामासाठी ब्रसेल्सला जायचं होतं. मी हट्टाने बाबांना आणि लेकीला घेऊन बरोबर निघाले. तो मीटिंगमध्ये अडकला त्या दिवशी आम्ही तिघं ट्रेनने ब्रूजला गेलो. कालव्यांचं जुनं शहर. विटांच्या भिंती थेट पाण्यात उतरलेल्या, पूल इतके बुटके की होडीत मान वाकवावी लागते. मला तर प्रश्नच प्रश्न. मागच्या दाराशी पाणी, मग इथे चोर होडीने येत असतील का? तळघरं कोरडी कशी राहतात? बाबा हंस बघत होते. "छान आहे," म्हणाले. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

दुपारी कालव्याकाठच्या हॉटेलात बाहेर एकच टेबल रिकामं होतं. मी त्यावर टिशूचं पाकीट ठेवलं आणि तिघंही आत ऑर्डर द्यायला गेलो. आमच्या सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, असं पाकीट दिसलं की टेबल राखलेलं, हात लावायची कोणाची टाप नाही; याला तिकडे 'चोप' करणं म्हणतात. आतल्या बाईंनी मात्र ऑर्डर टेबलाशी येऊन घेते, बाहेरच बसा म्हणून सांगितलं. येऊन बघतो तर टेबलाशी एक म्हातारं जोडपं, आणि आजोबा माझ्याच टिशूने चष्मा पुसतायत.

"बट वी चोप ऑलरेडी, लाह!" लेक किंचाळली.

मी तणतणत खुलासा केला. त्यांना वाटलं होतं, टिशू हॉटेलने ठेवलेत! दोघं पोट धरून हसले आणि सरकून आम्हालाही जागा दिली. बाबांची खुर्ची नेमकी पाण्यासमोर आली. बराच वेळ ते समोरच्या भिंतीवरची ओलीची सरळ रेघ बघत होते. मग एकदम आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत आजोबांना म्हणाले, "हे पाणी चढत-उतरत नाही, म्हणजे कुठेतरी अडवलंय. त्याचं दार कुठे आहे?"

आजोबांनी शहराच्या टोकाच्या तळ्याकडे हात केला. बाबांनी सूप अर्धं टाकलं. आम्ही मागे धावतोय, ते पुढे.

तळ्याच्या तोंडाशी पाणी अडवणारं विटांचं जुनं घर होतं. बाबा कठड्यावरून ओणवे झाले, इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि उजळल्या चेहऱ्याने मागे वळले.

"अगं, ऐकलंस का? हे बघ, इथून ते पाणी..."

ही हाक आईसाठी होती. पाण्याचं काही नवं कळलं की आधी तिला सांगायचं, ही त्यांची जन्माची सवय. मागे मी उभी होते.

आई गेल्यापासून न रडलेले बाबा तिथे रडले. "मी ऐकतेय बाबा, सांगा," मी म्हणाले. बऱ्याच वेळाने, कठडा धरून, त्यांनी मला ते दार समजावून सांगायला सुरुवात केली.