उपास आणि उपाशी पोट

मखमलाबादच्या कुसाबाई वर्षभर थकलेल्या होत्या. मळ्यात मेथी खुडता खुडता बांधावर बसून राहायच्या. तांब्याभर पाणी प्यायल्या तरी घशाची कोरड जात नसे. "वय झालं आता," म्हणायच्या, पण पन्नाशीही उलटली नव्हती. नवरा सावळीराम गेल्यापासून मळा आणि नदीकाठी, गंगेवरच्या बाजारात भाजी विकणं, दोन्ही त्यांच्याच अंगावर पडलं होतं. मुलगा शेखर अंबडच्या कारखान्यात पाळीवर जायचा.

शेवटी सून साधना त्यांना पंचवटीतल्या एका दवाखान्यात घेऊन गेली. रक्त तपासलं आणि साखरेचा आजार निघाला. ते साल अठ्ठ्याण्णव. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. गोड बंद करायला सांगितलं आणि म्हणाले, "महिन्याने उपाशी पोटी रक्त द्या. मग जेवून दोन तासांनी परत द्या."

कुसाबाईंनी सोमवार धरला. सोमवारी त्यांचा उपास असायचाच. तेवढ्यासाठी वेगळं उपाशी कशाला राहायचं? सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि एक केळं खाऊन त्या लॅबच्या बाकावर जाऊन बसल्या.

"उपाशी आहात ना, मावशी?" रक्त घेणाऱ्याने विचारलं.

"उपासच हाय," त्या म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात.

साखर खूप वाढलेली आली. पुढच्या महिन्यात तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. दर वेळी गोळी वाढत गेली आणि डॉक्टरांचा आवाजही. "पथ्य पाळायचं नसेल तर येता कशाला?"

कुसाबाईंनी तर चहातली साखर सोडली होती. गूळ सोडला होता. पुरणपोळीच्या दिवशी त्या नुसती आमटी-भाकरी खाऊन उठल्या होत्या. तरी घरात संशय शिरला. एकदा साधनाने गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि मागे वळून विचारलं, "आई, खरं सांगा, बाजारात कुणी काही गोड देतं का तुम्हाला?"

कुसाबाई मेथीच्या जुड्या बांधत राहिल्या. भांडायलाही अंगात जोर लागतो. त्या दिवसापासून त्या जेवणही कमी करू लागल्या. अर्धी भाकरी ताटातच ठेवायच्या.

एका सकाळी त्या गोळी घेऊन बाजारात गेल्या. माल उठत नव्हता, म्हणून डबा सोडायचा राहिला. दुपार कलली तसे हात थरथरायला लागले. घामाने चोळी भिजली. समोरच्या गिऱ्हाइकाला त्या काहीतरी भलतंच बोलल्या आणि कोथिंबिरीच्या जुड्यांवर कलंडल्या.

रसवंतीवाला ग्लास घेऊन धावत आला. शेजारी मिरच्या विकणाऱ्या कलाबाईंनी त्याचा हात धरला. "रस नको पाजू! साखर हाय तिला! मारतो का काय?"

कलाबाईंनी मायेपोटीच अडवलं होतं. रिक्षात घालून त्यांनीच जवळच्या इस्पितळात नेलं. निरोप मिळून साधना पोचली, तेव्हा सासूच्या हाताला बाटली लावलेली होती.

"कसली बाटली आहे ही?"

"ग्लुकोज," तिथला डॉक्टर म्हणाला. "साखरच म्हणा."

"अहो, त्यांना साखरेचाच आजार आहे!"

"आहे ना. पण आत्ता साखर फार उतरली होती. गोळी जास्त आणि पोटात काही नाही. घाम सुटला, हात थरथरले की लगेच साखरपाणी द्यायचं. शुद्ध गेली तर मात्र तोंडात काही घालू नका, सरळ इकडे आणा."

संध्याकाळी कुसाबाई उठून बसल्या. डॉक्टरने जुने कागद चाळले आणि स्टूल ओढून जवळ बसला.

"मावशी, रक्त द्यायला जाता तेव्हा सकाळपासून काय काय खाता?"

"काय नाय. उपास असतो. खिचडी तेवढी, एखादं केळं."

डॉक्टरने हातातले कागद खाली ठेवले. मग सावकाश म्हणाला, "रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काहीच नको. रिकाम्या पोटी अंग साखर किती सांभाळतं, ते त्या रक्तात बघायचं असतं. तुम्ही खिचडी खाऊन जाता, मग खिचडीचीच साखर दिसते."

"साबुदाणा कुठं गोड असतो?"

"जिभेला नसतो. पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. भाकरीचीही होते, पण साबुदाण्याची लवकर."

कुसाबाईंनी डोळे मिटले. "मंग आमाला कुनी सांगितलं का न्हाई?" एवढंच त्यांनी विचारलं. साधना त्यांच्या अंगावरची चादर सारखी करू लागली.

नुसत्या पाण्यावर राहून दिलेल्या रक्तात साखर पुष्कळ कमी निघाली. गोळी निम्मी झाली. साधनाने माफी अशी मागितली नाही, पण गुळाचा डबा खाली आला आणि कुसाबाईंच्या बाजाराच्या पिशवीत ती खडीसाखरेची पुडी घालू लागली.

आजार मात्र गेला नाही. पुढच्या सात-आठ वर्षांत पायांना मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाले. एकदा टाचेत काटा मोडला तो कळलाच नाही आणि जखम भरायला सगळा पावसाळा गेला. तेव्हा बाजार सुटला. शेखरने साखर बघायचं मशीन घरीच आणलं. मातीत काम करून बोटं इतकी निबर झालेली की साधनाला दोनदा टोचावं लागे.

"किती आली?" कुसाबाई विचारायच्या.

"आज बरी आहे, आई."

"बरी म्हंजी उद्या परत टोचायचंच ना?" त्या बोट पदराला पुसायच्या आणि भाकरी व्हायची वाट बघत चुलीपाशी बसून राहायच्या.