पोथीसारखी वाचलेली कादंबरी

मागच्या महिन्यात भर दुपारी कासमचाचा मलकापुरात आमच्या दारात येऊन उभे राहिले. आमच्या माहेरच्या गावचे ते पिंजारी. गाद्या पिंजायचे दिवस नव्हते आणि खांद्यावर कापूस पिंजायची धनुकलीही नव्हती. वाईट बातमी असणार, हे मी ओळखलं. "यमूबाई, दामू गेला," ते म्हणाले. "सकाळी उठलाच नाई..." माझा थोरला भाऊ गेला होता, आणि मला काय आठवावं? रडू फुटायच्या आधी मला सखूमावशीची ओसरी आठवली आणि त्या दिवशीची भीती जशीच्या तशी परत आली. आज इतक्या वर्षांनी वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी लिहायला बसले तरी ती गेलेली नाही.

आमचं गाव रोहिणखेडच्या अलीकडे. आई लवकर गेली, म्हणून शेजारच्या सखूमावशीनेच आम्हा दोघांना भाकरी घालून वाढवलं. वडिलांनी हट्टाने दामूला पुण्याला शिकायला ठेवलं. तिथे तो 'मला'ऐवजी 'मले' म्हणाला की वर्ग हसायचा, 'का'ऐवजी 'काऊन' म्हणाला की मास्तरही हसायचे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, आमचा कारभार नागपूरकडे; पुण्याच्या पोरांना आम्ही कुठले कोण तेही धड माहीत नसायचं. ते हसणं त्याच्या हाडात जाऊन बसलं. परत येऊन तो गावच्या शाळेत मास्तर झाला, पण लिहायला बसला की पुणं त्याच्या मागे येऊन उभं राही. आमच्याच गावच्या कापूसवाल्यांवर त्याने कादंबरी लिहिली. माणसं आमची, शेतं आमची, पण बोलणं सगळं पुणेरी. मग पुण्याच्याच कोणा मित्राने सांगितलं म्हणे, यात खेडं काही दिसत नाही, चार शिव्या घाल. ह्या शहाण्याने घातल्या! वाटेल तिथे घातल्या.

पुस्तक छापून आलं तो श्रावण होता. गावच्या पोराचं छापील पुस्तक, ते काय घरात बसून एकट्याने वाचायचं? आमच्याकडे छापील अक्षर म्हणजे पोथी. सखूमावशीने ओसरी सारवली, चौरंग मांडला, कादंबरीला हळद-कुंकू वाहिलं आणि भगवानबुवांना वाचायला बसवलं. कोणाला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. बुवा आयुष्यभर पोथ्याच वाचत आलेले. हेही त्याच चालीवर वाचू लागले आणि सवयीने थांबून अर्थ सांगू लागले. बायका हात जोडून दाराआड, त्यांत मी. कासमचाचा पायरीवर, नेहमीच्या जागी. दामू खांबाला टेकून बसलेला, चेहरा नुसता फुललेला. पुस्तकातला किसन कपाशीत बैलांचा डवरा हाकता हाकता बायकोला म्हणतो, 'प्रिये, तुझ्या मौनाने माझे अंतःकरण विदीर्ण झाले आहे.' बुवांनी अर्थ सांगितला, "किसन म्हनते, बायको बोलत नाई तं त्याले गमत नाई." ओसरी हसली. दामूही हसला, पण त्याचा हात मांडीवर आवळलेला मला दिसला.

आणि पुढच्याच पानावर किसन आपल्या आईला शिवी देतो. ती मी इथे लिहिणार नाही. बुवांची नजर अधू, जीभ चालीवर घसरत गेलेली... त्यांनी ती शिवी त्याच सुरात, अक्षर न् अक्षर, म्हटली. म्हटल्यावर त्यांना कळलं. बायकांचे जोडलेले हात सुटले. मी दाराच्या फटीतून बघत होते. वाटलं, आता कोणी तरी काठी उचलणार, आता दामूला वाळीत टाकणार, आता आम्हाला गाव सोडावं लागणार. बुवांनी पुस्तक मिटावं म्हणून मी मनात देवाचा धावा करत होते, पण सुरू केलेला अध्याय अर्धवट सोडायचा नाही, ही रीत. बुवा वाचत राहिले. शिव्या येत राहिल्या. अर्थ सांगायचं तेवढं त्यांनी बंद केलं. दामू खांब सोडून पुढे वाकला होता, त्याच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजून अंगाला चिकटली होती आणि मला त्याच्यापर्यंत जाता येत नव्हतं.

अध्याय संपला. काठी कोणी उचलली नाही, आवाजही कोणी चढवला नाही. सखूमावशीने सगळ्यांच्या हातावर फुटाणे-गूळ ठेवला, शेवटी दामूच्या. मग म्हणाली, "दामू, आमी असे बोलतो का रे? शिव्या तेवढ्या आमच्या घेतल्या, अन् बाकीचं बोलनं काऊन पुण्याहून आनलं?" तिच्या आवाजात राग असता तर किती बरं झालं असतं. लोक उठले, आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून गाव त्याच्याशी शुद्ध बोलू लागलं. टिंगल नव्हे हो, अगदी मनापासून. "दामोदरराव, आपण केव्हा आलात?" ज्यांनी त्याला उघडा-नागडा खेळताना पाहिला, ती माणसं! तो पारावर आला की चाललेली गोष्ट मध्येच थांबे, भांडण थांबे, बायका पदर सावरत. पुन्हा कुठे छापून येईल, याचा धसका. मला गावाचाही राग येतो, आणि दामूचाही येतो. एकदा चिडून मी त्याला म्हणाले, तू तोंड उघडून माफी का मागत नाहीस? तो म्हणाला, "मागतली. ते म्हनतात, 'आपली काही चूक नाही.' यमे, मी आलो का गाव गप होते. मले त्या गपचं भेव वाटते." पुढे त्याने एक ओळ लिहिली नाही. बायको त्याने केलीच नव्हती. तो शाळेत जाई, घरी येई आणि माझी वाट बघे. मलकापूरहून मी गेले की मला म्हणे, बोल काही पण, नुसती बोलत राह्य.

तेराव्याला मी गावी होते. जेवणं उरकल्यावर म्हातारी मंडळी त्याच्या खोलीत टेकली. त्याच्याच बाजेवर कासमचाचा, खाली भिंतीशी सखूमावशी, आता पार वाकलेली. सरकीचा भाव निघाला, मग कोणाचा तरी बैल, मग तंबाखूच्या चंचीवरून जुंपली. कासमचाचांनी एक सणसणीत शिवी हासडली, मावशीने तिच्याहून जबर दिली, आणि सगळी खोली खदखदून हसली. मले, तुले, बे, काऊन... इतक्या वर्षांत त्या खोलीत असं कोणी बोललं नव्हतं. मी चहाचं ताट घेऊन उंबऱ्यातच थबकले. ते बोलणं ऐकायला माझ्या मागे कोणी तरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. मी मागे वळले नाही. मी वळले असते तर त्यांनीही तिकडे पाहिलं असतं, आणि सगळे गप्प झाले असते.