खालून चौथी फळी

किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडमधल्या सुताराला सगळे कानसेन म्हणत. उगीच नाही. मोसम संपून होड्या वर ओढल्या की हा बाबा लाकडी हातोडीने एकेक फळी वाजवत फिरे. चांगलं लाकूड ठण्ण बोलतं, आतून कुजलेलं बद्द. वरून रंग कितीही चकचकीत असो, त्याचा कान फसत नसे. कुजक्या फळीवर खडूने फुली मारायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही, असा शिरस्ता. कानामागे खोचलेल्या त्या खडूला चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणी शिवलं नव्हतं. कुणी पटाशीने फळी टोचून बघायला लागला की हा खेकसायचा, "लाकूड आहे ते! बटाटा शिजलाय का बघतोस?"

आणि असल्या माणसाचेच कान जावेत! दोन वर्षं झाली होती. आधी पाखरं गेली, मग दाराची कडी, मग हातोडीचा आवाज. तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं सरळ. अहो, आचाऱ्याने उठून सांगावं का, की माझ्या जिभेची चव गेली? तो वाजवायचा, पूर्वीसारखीच मान तिरकी करायचा आणि हाताला बसणाऱ्या धक्क्यावरून अंदाजपंचे ठरवायचा. घरच्यांचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा, परक्यांपुढे बायको सावरून घ्यायची. दारात कुणी आलं की "ते कामात आहेत, मला सांगा" म्हणायची. दोघांत त्यावर कधी एक शब्द झाला नव्हता.

त्या वर्षी पुतणीने बापाची होडी काढली. सुताराचा थोरला भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्याची ती शिडाची छोटी होडी तेव्हापासून शेडच्या मागे पालथी पडून होती.

"काका, पुढच्या मोसमाच्या आत हिला उभी करू या," पुतणी म्हणाली. "पोरांना आजोबांच्या होडीतून न्यायचंय." तिची पोरं दोन, एक सातचं, एक नऊचं.

सुतार हरखला. त्याने होडी वाजवली, तीन फळ्यांवर फुल्या मारल्या आणि "बाकी खणखणीत!" म्हणून जाहीर केलं. मग दोन महिने दोघं राबली. जुना रंग खरवडला, तीन फळ्या बदलल्या, सांध्यांत कापूस ठासून वर लांबी भरली. जड डोलकाठी काढून हलकी बसवली. वारं वाढलं तरी आवरता यावं म्हणून शीड दोन हात आखूड केलं. बसायची फळी रुंद केली, दोन पोरं शेजारी शेजारी मावतील एवढी. होडी अशी देखणी झाली की भावाने ओळखली नसती.

उतरवायच्या आदल्या दिवशी दुपारी पुतणी होडीत सामान ठेवत असताना बायको शेडमध्ये आली. एरवी तिथे पाऊल न टाकणारी बाई. ओले हात पुसत ती होडीच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली.

"ही फळी बद्द बोलली होती," ती मोठ्याने म्हणाली. "खालून चौथी."

तिचं स्वयंपाकघर शेडच्या भिंतीला लागूनच. भांडी घासता घासता तिने चाळीस वर्षं ठण्ण आणि बद्द ऐकलं होतं. तो डाव्या अंगाने, खालून वर वाजवत जातो, हेही तिला पाठ होतं.

सुताराचा पारा चढला. "आता बायको मला सुतारकी शिकवणार! इतकी वर्षं काय मी इथे माशा मारल्या?"

बायको हलली नाही. तिने बाकावरची पटाशी उचलून त्याच्या हातात दिली.

टोचून बघायचं म्हणजे हार मानायची. पण समोर ती रुंद केलेली बसायची फळी होती. त्याने पटाशी लावली. जोर न लावताच पातं ताज्या रंगातून अर्धं आत गेलं. बाहेर आला तो काळा भुगा.

सुताराने पटाशी बाकावर ठेवली.

"मला ऐकू येत नाही, बाळ," तो पुतणीला म्हणाला. "दोन वर्षं झाली. मी नुसता वाजवत होतो."

"आणि मी ऐकत होते," बायको म्हणाली. तिला रडू आवरेना. "दोन महिने गप्प बसले. यांचा मान राखायला गेले आणि तुझी पोरं बुडवायला निघाले होते गं."

पुतणीने होडीत ठेवलेली पोरांची तरंगायची जाकिटं उचलली आणि पिशवीत भरली. सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

मग तो होडीपाशी गेला. कानामागचा खडू काढून त्याने बायकोच्या हातात ठेवला आणि पहिल्या फळीपासून पुन्हा वाजवायला घेतलं. बायको ऐकत गेली. आणखी दोन फुल्या पडल्या.

"चपला घाल," तो म्हणाला.

"आता कुठे?"

त्याने तिच्या ओठांकडे बघून ओळखलं. "या दोन वर्षांत चार होड्या मी खणखणीत म्हणून सोडल्यात. चारही उद्या पाण्यात जाणार."

पहिलं घर वळणावर, जाळी विणणाऱ्याचं. त्याने दार उघडलं आणि तोंडभर हसला. "या कानसेन! आज जोडीने?"

सुताराने सवयीने बायकोकडे पाहिलं. ती बोलली नाही. हातात खडू घट्ट धरून, मान खाली घालून उभी राहिली.

"काय म्हणालास ते मला कळलं नाही," सुतार म्हणाला. "मला ऐकू येत नाही. तुझी होडी उद्या उतरवू नकोस."