खारा दगड

दिवाळीच्या सुट्टीत वसईचा किल्ला बघायला जायचं ठरलं, तेव्हा आई म्हणाली, "मी बी येते." सूर्यमाळच्या पाड्यावरून जव्हारला यायचं तरी कुरकुरणारी माझी आई! तिला किल्ल्याचं काय सोयरसुतक? कारण मला माहीत होतं. तरी मी न कळल्याचं सोंग घेतलं.

माझा बा दरवर्षी भात झोडून झालं की तिकडच्या खाडीत रेती काढायला जायचा. परत आला की त्याच्या कपड्यांतलं मीठ निघेपर्यंत तीन हंडे पाणी जायचं आणि आई त्याचा उद्धार करायची. एका वर्षी तो बुडाला. प्रेतसुद्धा मिळालं नाही. असं झालं तर आमच्या घरात मेल्या जागेचा दगड आणून देवांत बसवतात. तोवर गेलेला माणूस घरी पोचत नाही. आईला तो दगड हवा होता. मला मात्र बरोबरच्या दोन गुरुजींची धास्ती होती. आम्ही एकाच शाळेत शिकवतो, आणि बा तापाने गेला असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

तटाच्या आत एकेकाळी अख्खं शहर नांदत होतं. आता छप्पर उडालेली चर्च आणि मुळ्यांनी आवळलेल्या भिंती. मी पुस्तकी माहिती झाडत होतो. आई फक्त एका विहिरीपाशी थांबली. पाण्यावर प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या.

"एवढा पानी, आन कोनी भरत नाय?"

गुरुजी हसले. लाज वाटून मीही हसलो.

समुद्राकडच्या दरवाजातून आम्ही खाडीवर उतरलो. आईने चिखलातून मुठीएवढा काळा दगड उचलला, जिभेला लावला आणि पदरात बांधला. परतताना दरवाजात पहारेकऱ्याने हटकलं. किल्ल्याचा दगड नेता येत नाही, कशाला हवाय?

"ह्याचा बा..." आई माझ्याकडे बोट करून सांगू लागली.

"म्हातारीचं डोकं फिरलंय," मी म्हणालो. "दिसेल ते उचलते. टाक तो!"

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. गाठ सोडून दगड पायरीवर अलगद ठेवला. पहारेकरीच वरमला. "राहू दे आजी, घेऊन जा," म्हणाला. तिने घेतला नाही. मी तरी उचलायला हवा होता, पण गुरुजी बघत होते.

येताना घाटात जीप थांबली, तेव्हा मी ओढ्यातून तसाच एक काळा दगड खिशात घातला. पाड्यावर पोचल्यावर आईला दिला. "गुपचूप मागे जाऊन आणला," म्हणालो.

आईचा चेहरा असा उजळला की मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. तिने देवांचा कोपरा सारवला, दिवा लावला, बाचं नाव घेतलं. दगड ठेवण्याआधी तो जिभेला लावला.

तिने दिवा फुंकला. पाण्याचा हंडा डुगडुगत होता, त्याच्याखाली तो दगड सारला.

देवांतली ती जागा अजून रिकामी आहे. मी पाड्यावर गेलो की आई त्याच हंड्यातलं पाणी मला प्यायला देते.