रडकी ती अशक्त

विद्यापीठाची व्याख्यानमाला आमच्या तालुक्यात आली की ज्ञान आलेल्या गाडीनंच आसनगाव स्टेशनला परत जायचं, मागं उरायचे ते किस्से. ते गोळा करणारा आमचा मागच्या बाकावरचा कंपू. बहुतेक कॉलेज सोडलेले. मीही एस. वाय.ला सोडलेलं. आम्ही हसायला जायचो.

*

पहिलं व्याख्यान शहापूरला. विषय, न्यूरल नेटवर्क, म्हणजे शिकणारं मशीन. शाल, श्रीफळ, हार, पुन्हा हार. मुंबईहून आलेल्या मॅडमच्या वाट्याला शेवटी दहा मिनिटं आली. मग अध्यक्ष आप्पासाहेब उठले. "मॅडम सांगतात ते आपल्या पूर्वजांना ठाऊक होतंच!"

मागून पक्या ओरडला, "मग आप्पा, आपल्याकडं लाइट का नाय टिकत, ते पूर्वजांनाच इचारा!"

लाइट तेवढ्यात गेलीच!

*

शेजारच्या मुरबाडला प्रश्नोत्तरं ठेवलेली. प्रश्न व्याख्यानमाला समितीतल्या गुरुजींनी आदल्या दिवशीच पोरांना वाटून, पाठ करून घेतलेले. मॅडम माइक तपासायला नुसतं "हॅलो" म्हणाल्या, तर पहिल्या रांगेतला एक ताडकन उठला. "मॅडम, आपल्या सुंदर विवेचनातून माझ्या मनात एक प्रश्न आला..."

गुरुजी अभिमानानं बघत होते. मला तेव्हा कळलं, मी कॉलेज का सोडलं.

*

मॅडम वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "या मशीनला नियम शिकवायचे नसतात. उदाहरणं दाखवायची. हे काय, ते काय, तुम्ही सांगाल तेच ते खरं धरतं."

पुढच्या रांगेतले एक काका हसले, "आमची पोरं शिकत नाहीत, मशीन काय शिकणार!"

मी मागून म्हटलं, "तुमी काय दाखवलंत ते पण सांगा ना काका."

मला हॉलबाहेर काढलं. आभारप्रदर्शनाच्या आधीच सुटलो, एवढाच फायदा.

*

पण त्या दिवशी शेणव्याकडच्या पाड्यावरचा आमचा बाळू हसला नाही. मॅडमनी सांगितलं होतं की असं मशीन बनवायचंय, जे पोराचा फोटो बघून अशक्त कोण ते ओळखेल. आणि ज्याला ते अशक्त म्हणेल, त्याला त्याच दिवशी जीपमधून ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेतील. बाळूची पोर सोनी वाळत चाललेली. सरकारी दवाखान्यात नेली की एकच उत्तर, "बघू."

"मोठ्या डॉक्टरनी एकदा बघितली पायजे रे," बाळू म्हणाला. "आता ती रडत पण नाय. भूक लागली तरी नाय."

*

मशीनला शिकवायला मॅडमनी पाड्यापाड्यांवरच्या पोरांचे फोटो मागवले. वजनं करायची आणि अशक्त, सुदृढ असे दोन गठ्ठे पाठवायचे. समितीची मीटिंग बसली. आप्पासाहेब भडकले. "अशक्त? आपल्या तालुक्यात? बदनामी करताय काय!"

पण गठ्ठे दोन हवे होते. वजनकाटा बिघडलेला, आणि मॅडमचा फोन तर रोज. शेवटी गुरुजींनी तोड काढली. "फोटो काढताना जी रडली ती अशक्त. शांत बसली ती सुदृढ!"

समितीनं टाळ्या वाजवल्या. भजी आली.

मी म्हटलं, "आप्पा, बाळूची सोनी रडतच नाय. मग ती सुदृढ काय?"

"तू आधी कॉलेज पुरं कर," आप्पासाहेब म्हणाले. "मग बोल."

मी मॅडमना फोन लावायला निघालो, तर नंबर गुरुजींच्या खिशात. "वडीलधाऱ्यांच्या वरून जायचं नाय," म्हणाले.

*

गठ्ठे मुंबईला गेले, मशीन त्यावर शिकलं. मग प्रात्यक्षिक. शहापूरचाच हॉल, बाहेर जीप उभी. मशीन म्हणजे टेबलावरचा लॅपटॉप आणि त्याला लावलेला कॅमेरा. पोलीस पाटलांचा गुटगुटीत नातू कॅमेरा बघून भोकाड पसरून रडला. पडद्यावर आलं, "अशक्त." पाटील उठून उभे! आप्पासाहेबांनी त्यांना हाताला धरून बसवलं. "असू द्या, जीपमधून फिरून येईल."

मग बाळू सोनीला घेऊन पुढं गेला. तिला खुर्चीत ठेवली. तिची मान एका बाजूला कलंडली. तो मागं सरकला. ती कॅमेऱ्याकडं नुसती बघत राहिली.

"सुदृढ."

टाळ्या पडल्या. आप्पासाहेबांच्या सगळ्यात जोरात.

मी पुढं धावलो. "मॅडम, फोटो चुकीचे लावलेत!" ओरडलो, पण माइक गुरुजींच्या हातात होता. आभारप्रदर्शन सुरू झालेलं.

बाळू जागचा हलला नव्हता. तो खाली वाकला, सोनीच्या दंडाला हात लावला आणि चिमटा काढला. मग आणखी जोरात.

"रड गो," तो म्हणत होता. "सोने, रड गो. जीप चाललीय."